पोराने घरी सांगितलं, आता पुढे काय? कौन्सेलिंग आणि पिअर सपोर्ट, सोप्या भाषेत

आमच्या ज्युनियर कॉलेजच्या स्टाफ ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक कात्रण फिरलं, कुठल्यातरी शहरातल्या कॉलेजने एलजीबीटीक्यू मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडलांसाठी कौन्सेलिंग सुरू केलंय म्हणून. त्याखाली लगेच सुरू झालं, हे काय नवीन खूळ, पोरांना अभ्यास नाही का वगैरे, आणि एका सरांनी विचारलं की तुम्हीच म्हणता हा आजार नाही, मग कौन्सेलिंग कशाला? हा प्रश्न मला खरंच चांगला वाटला, कारण तो बऱ्याच जणांच्या मनात असतो पण कुणी विचारत नाही. चार ओळीत उत्तर देता येईना म्हणून हे लांबलचक लिहितेय.

दुसरं कारण घरचं आहे. बहिणीला विचारून लिहितेय, नाव गाव काढलंय.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझी धाकटी बहीण एसटीने आली, फोन न करता. हातात कापडाच्या दुकानाची कॅरीबॅग. मी कळण्याच्या भाकरी टाकत होते. ती खाली पाटावर बसली, चहा नको म्हणाली आणि बॅग माझ्यासमोर पालथी केली. रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांच्या तीन स्ट्रिप, त्यातली एक अर्धी संपलेली, आणि एका पाकिटात काळ्या दोऱ्यातला ताईत. मग म्हणाली, "अक्का, मना पोऱ्याले काय व्हयनं वं?"

पोऱ्या तेव्हा एकोणीस वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने आईला सांगितलं होतं की मला मुली नाही आवडत, मुलं आवडतात. एवढंच. त्या एका वाक्याची ती सगळी बॅग होती.

आधी शब्द समजून घेऊ, एकदाच

एलजीबीटीक्यू म्हणजे लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर आणि क्वीअर. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. पहिली गोष्ट म्हणजे आपल्याला कोण आवडतं, याला लैंगिक कल म्हणतात. मुलीला मुलगी आवडणं, मुलाला मुलगा आवडणं, किंवा दोघंही आवडणं. दुसरी गोष्ट म्हणजे आपण स्वतःला कोण समजतो, याला लिंगभाव म्हणतात. जन्मल्यावर मुलगा म्हणून नोंद झाली पण आतून ती मुलगी आहे, किंवा उलट, अशी माणसं ट्रान्सजेंडर. क्वीअर हा या सगळ्यांना कवेत घेणारा शब्द. माझा भाचा गे आहे, तो मुलगाच आहे आणि त्याला मुलगाच राहायचंय. बहिणीला पहिले दोन महिने वाटत होतं की आता हा साडी नेसेल आणि टाळ्या वाजवत रेल्वेत फिरेल, आणि ती रात्र रात्र जागायची. नुसता शब्दांचा फरक नीट सांगितला असता तरी त्यातल्या निम्म्या रात्री तिला झोप लागली असती.

आता हे आजार का नाही, तर रक्तगट घ्या. गावात रक्तदान शिबिर लागतं, शंभर जणांत चार पाचच निगेटिव्ह गटाचे निघतात. असा माणूस कमी आढळतो म्हणून आजारी नसतो, गोळीने त्याचा पॉझिटिव्ह होत नाही, आणि शिबिरात तपासला म्हणून तो निगेटिव्ह झाला असंही नसतं, तो आधीपासून होताच, फक्त आता कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडच्या मनोविकारतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटी, तिनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध बाहेर काढले, म्हणजे गुन्हाही राहिला नाही.

आजार नाही, मग कौन्सेलिंग कशाला?

सरांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. दहावी बारावीच्या परीक्षा आल्या की बोर्ड दरवर्षी समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. परीक्षा आजार आहे का? नाही. पण परीक्षेभोवती जे दडपण असतं, आईबापाच्या अपेक्षा, नातेवाइकांचे फोन, त्याने पोरगं खचतं, म्हणून कुणाशी तरी बोलायची सोय. इथेही तेच. गे असण्याचा त्रास नसतो, लपवण्याचा असतो. बारा तेरा वर्षांपासून मनात एक गोष्ट दाबून ठेवायची, वर्गात कुणी बायल्या म्हणून हाक मारली की हसून घ्यायचं, घरी लग्नाच्या गप्पा निघाल्या की उठून गच्चीवर जायचं, फोनला सतत लॉक, आणि हे रोज, वर्षानुवर्षं. याने झोप जाते, मार्क जातात, काही पोरांचा जगण्यातला रसच जातो.

मराठीत कौन्सेलिंगला समुपदेशन म्हणतात आणि त्या शब्दात उपदेश बसलाय, त्यामुळे लोकांना वाटतं की कुणीतरी मॅडम खुर्चीत बसून पोराला चार समजुतीच्या गोष्टी सांगतील आणि पोरगं लायनीवर येईल. असं काही नसतं. चांगला कौन्सेलर पहिल्या दोन तीन बैठकीत बोलतो कमी, विचारतो जास्त. तुला कधीपासून वाटतंय, कुणाला माहितीये, घरी कळलं तर सगळ्यात वाईट काय होईल असं वाटतं, राहायला दुसरी जागा आहे का, स्वतःला इजा करायचे विचार येतात का. घरी सांगायचं की नाही, कधी, आधी कुणाला, हे तो ठरवत नाही, पोराला ठरवायला मदत करतो. कधी कधी तर तो स्वतःच म्हणतो की आत्ता सांगू नको, आधी तुझं शिक्षण पूर्ण होऊ दे, पायावर उभा राहा. हे ऐकून माझ्या बहिणीला आश्चर्य वाटलं होतं, तिला वाटायचं हे लोक पोरांना घरच्यांविरुद्ध भडकवतात.

अजून एक फरक माहीत पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते औषध लिहू शकतात. कौन्सेलर किंवा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, बोलण्यातून काम करतात. पोराला डिप्रेशन आलं असेल, झोप लागत नसेल तर औषध लागूही शकतं आणि त्यात काही वावगं नाही, पण ते औषध डिप्रेशनचं असतं, गे असण्याचं नाही. त्याचं औषध नसतं.

पिअर सपोर्ट म्हणजे आधीच चालून आलेला माणूस

पिअर म्हणजे आपल्यासारखा, आपल्या बरोबरीचा. चैत्रात आपल्याकडून किती लोक वणीला पायी जातात बघा, सप्तशृंगीला. वाटेत मेडिकल कॅम्प असतो, पायाला फोड आला तर तिथला डॉक्टर साफ करून पट्टी बांधतो, ते त्याचं शिक्षण. पण मागच्या वर्षी चालून आलेली बाई तुम्हाला घरून निघतानाच सांगते की नवी चप्पल घालू नको, दुपारी चालू नको, तिसऱ्या दिवशी रडू येतं, येऊ दे, चौथ्या दिवशी पाय आपोआप चालतात. तिला डॉक्टरकी येत नाही, पण तिच्याशिवाय अर्धे लोक अर्ध्या वाटेतून परत येतील. कौन्सेलर हा कॅम्पातला डॉक्टर आणि पिअर ही ती बाई. दोन्ही लागतात आणि एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नसतं.

हे काही फॉरेनहून आलेलं फॅड नाही. एड्स नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमात पिअर एज्युकेटर हा शब्द किती वर्षं वापरात आहे, त्याच समाजातला माणूस त्याच्या लोकांपर्यंत पोचतो कारण बाहेरच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी, त्यातही गावातलीच मुलं मुली पिअर एज्युकेटर म्हणून तयार करतात. त्यांच्यासाठी २०१७ मध्ये आरोग्य मंत्रालयाने साथिया नावाचा संच काढला आणि त्यात सरळ लिहिलंय की या वयात मित्राबद्दल किंवा मैत्रिणीबद्दल आकर्षण वाटू शकतं, ते आपल्याच लिंगाचं असो की दुसऱ्या, हे नॉर्मल आहे, फक्त समोरच्याची संमती आणि आदर पाहिजे. म्हणजे कलम ३७७ चा निकाल यायच्या दीड वर्ष आधी सरकारी पुस्तिकेत हे छापून आलं होतं.

पिअर ग्रुपमध्ये प्रत्यक्षात काय होतं तर गोल करून बसतात किंवा ऑनलाइन भेटतात, प्रत्येकाने बोललंच पाहिजे असं नाही, खरं नाव सांगितलंच पाहिजे असंही नाही. भाचा पहिल्या वेळी दीड तास गप्प बसला होता. नंतर मला म्हणाला, मावशी, तिथे एक पोरगा होता, तिकडे सातपुड्याच्या पायथ्याचा, त्याच्या घरी केळीचा बाग आहे, तो आपल्यासारखंच बोलत होता. मला वाटायचं असे लोक फक्त मुंबईत असतात. त्या दीड तासात त्याला एवढंच मिळालं आणि ते खूप होतं.

आईबापांना कशाला कौन्सेलिंग?

यावर मला सगळ्यात जास्त लिहायचंय कारण सगळं इथेच अडतं. पोरगं पाच सात वर्षं स्वतःशी झगडून, रात्री नेटवर वाचून, कुठेतरी एका जागी येऊन पोचलेलं असतं आणि मग एके दिवशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगून टाकतं. आईसाठी तो पहिला दिवस असतो. पोराची पाच वर्षं झालीत, आईची पाच मिनिटं, आणि पोराची अपेक्षा असते की तिने लगेच जवळ घ्यावं. ते होत नाही आणि मग दोघंही दुखावतात. आईबाप वाईट असतात म्हणून नाही, त्यांना वेळच मिळालेला नसतो, आणि मुख्य म्हणजे बोलायला माणूस नसतो. पोराचं आजारपण निघालं तर आपण सगळ्या गावाला सांगतो, लोक डबे आणून देतात. याचं कुणाला सांगणार? सासूला? जावेला? भाऊबंदकीत सांगितलं तर संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत.

बहीण त्या वेळी एकच वाक्य सारखं म्हणायची, लोके काय म्हनतीन. आपण या वाक्याला हसतो किंवा चिडतो, पण खान्देशात त्याच्या मागे खरी भीती असते. धाकट्या मुलीची सोयरीक जमेल का, नवऱ्याला भावकीत मान राहील का, दुकानावर गिऱ्हाईक येईल का. कौन्सेलर या भीतीला मूर्खपणा म्हणत नाही, ती उलगडून बघतो. कुणी काय म्हणेल असं वाटतं? नाव घेऊन सांगा. त्यातल्या किती जणांच्या शब्दाला तुम्ही आजवर किंमत दिली? बहिणीने सोळा नावं काढली होती वहीत आणि शेवटी तीनवर आली, त्यातला एक तर तिचा स्वतःचा नवरा.

अपराधीपणा हा दुसरा भाग. माझं काय चुकलं, मी लहानपणी त्याला बहिणीची फ्रॉक घातली होती का, हॉस्टेलला टाकलं म्हणून झालं का, दूध कमी पाजलं का, काय काय बायका स्वतःला विचारतात ऐकून पोटात तुटतं. आणि बाप बायकोला दोष देतो, तुझ्या लाडाने झालं. सांगायचं तर संगोपनामुळे असं होतं असा काही पुरावा नाही. हे वाक्य कौन्सेलरने म्हटलं तर आई मान डोलावते, पण दुसऱ्या आईने म्हटलं तर तिला पटतं. म्हणून पालकांचे गट लागतात.

पालकांच्या गटांची सुरुवात कशी झाली ते मला फार आवडतं. न्यूयॉर्कमध्ये जीन मॅनफर्ड नावाच्या एक शाळामास्तरीण होत्या, आपल्यासारख्याच. १९७२ मध्ये त्यांच्या गे मुलाला आंदोलनात मारहाण झाली, तेव्हा त्यांनी पेपरला पत्र लिहिलं आणि त्या वर्षीच्या मोर्चात मुलाबरोबर पाटी घेऊन चालल्या. रस्त्यातली पोरं धावत येऊन त्यांना म्हणायला लागली की माझ्या आईशी बोला ना. मग मार्च १९७३ मध्ये एका चर्चमध्ये त्यांनी पालकांची बैठक बोलावली, वीसेक लोक आले. त्यातून पुढे पीफ्लॅग ही संघटना उभी राहिली आणि अमेरिकाभर पसरली. आपल्याकडे मुंबईत स्वीकार हा पालकांचा गट आहे. सुप्रीम कोर्टात लग्नाच्या हक्काची केस चालू होती तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये या गटातल्या चारशेवर आईवडलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात तो हक्क काही मिळाला नाही, पण चारशे आईबाप पोरांच्या बाजूने सही करून उभे राहिले हे मला बहिणीला दाखवायचं होतं.

तिची पहिली ऑनलाइन मीटिंग मी बघितलीये कारण लिंक मीच लावून दिली होती. नवरा दुकानावर, सासू खालच्या खोलीत, म्हणून आम्ही वरच्या कोठीघरात बसलो, फोन धान्याच्या पिंपाला टेकवलेला, कॅमेरा बंद. स्क्रीनवर सात आठ जण, एक काका बनियनवरच होते. एक बाई सांगत होत्या की मी चार महिने देवघरात दिवा लावला नाही, देवाशी भांडण होतं माझं. बहीण पदराचं टोक पिळत नुसतं ऐकत होती. तासाभराने तिने माइक सुरू केला आणि एकच विचारलं, तुमच्या पोरांना म्हातारपणी कोण बघेल? कुणी लेक्चर दिलं नाही. ते बनियनवाले काका म्हणाले, ताई, हा प्रश्न मला अजून रात्री पडतो, पण आता मी तो मुलाशीच बोलतो, आम्ही दोघांनी मिळून त्याची एलआयसी काढली. बहीण हसली. मला वाटतं त्या दिवसानंतर ती पहिल्यांदा नीट जेवली.

याचा उपयोग होतो का याला आकड्यांचाही आधार आहे. अमेरिकेत केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० हून थोड्या जास्त एलजीबी तरुणांचा अभ्यास केला होता, २००९ मध्ये तो छापून आला. ज्यांना घरच्यांनी फार झिडकारलं होतं त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, ज्यांना कमी किंवा अजिबात झिडकारलं नव्हतं त्यांच्यापेक्षा आठ पटीहून जास्त निघालं. अमेरिकेचा अभ्यास आहे, खान्देशाचा नाही, मान्य. पण घरातून तुटलेलं पोरगं इथे कमी दुखत असेल असं मला वाटत नाही.

"पण एक डॉक्टर बरं करून देतो म्हणतात"

त्या कॅरीबॅगेतल्या गोळ्या अशाच एका ठिकाणच्या होत्या. सहा महिन्यांचा कोर्स, इंजेक्शन वेगळं, आणि शेवटी सल्ला काय तर लग्न करून द्या, आपोआप सुटेल. बहिणीने त्यासाठी गळ्यातली एक पोत मोडली होती.

याला कन्व्हर्जन थेरपी म्हणतात, म्हणजे गे माणसाला सरळ करण्याचा दावा. औषधं, शॉक, मंतरलेलं पाणी, मारहाण, संमोहन, सगळं यात येतं. याने कल बदलत नाही, पोरगं मात्र खचतं. २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टात दोन मुलींची केस आली होती, घर सोडून एकत्र राहायला गेलेल्या, आईवडलांनी हरवल्याची तक्रार दिलेली. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी त्या मुलींना आणि त्यांच्या आईवडलांना कौन्सेलरकडे पाठवलंच, पण आपल्यालाही हा विषय नीट समजत नाही असं मान्य करून ते स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर जाऊन बसले आणि मग निकाल दिला. हायकोर्टाच्या जजला शिकावंसं वाटतं तर आपल्याला कसली लाज? त्याच निकालात कन्व्हर्जन थेरपीवर बंदी आली, आणि २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलं की हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन धरा. म्हणजे असा इलाज करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध तक्रार करता येते.

पण गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, दुसऱ्या चांगल्या मनोविकारतज्ज्ञाला स्ट्रिप दाखवा आणि विचारा. आम्हीही तसंच केलं.

लग्नाबद्दल तर हात जोडून सांगते. लग्न लावून दिलं की सुटतं असं म्हणणारे त्या दुसऱ्या घरच्या पोरीचा विचार करत नाहीत. तिच्या बापाने कापसाचे पैसे आल्यावर लग्न लावलेलं असतं, ती दोन वर्षं स्वतःलाच दोष देत बसते की माझ्यातच काही कमी असेल. एका पोराचं दुःख लपवायला दुसऱ्या पोरीला त्यात ढकलायचं हे पाप आहे, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

"अशा ग्रुपमध्ये जाऊन पोरं बिघडतात"

वर रक्तगटाचं सांगितलं तेच. ग्रुपमध्ये जाऊन कुणी गे होत नाही, जो आहे त्याला आपण एकटे नाही हे कळतं. उलट ग्रुप नसेल तर पोरं कुठे जातात? अनोळखी अॅपवर, रात्री अकरा वाजता, कुणीतरी स्टेशनबाहेर भेटायला बोलावतं आणि मग फोटो काढून पैसे मागणं, मारहाण, असे प्रकार होतात. घरी सांगता येत नाही म्हणून पोलिसातही जात नाहीत. चांगल्या ग्रुपमध्ये मोठी मुलं लहानांना हेच आधी शिकवतात, फोटो पाठवू नको, एकटा जाऊ नको, कुणी धमकी दिली तर पैसे देऊ नको, आम्हाला सांग.

मात्र सगळे ग्रुप चांगले असतात असं मी म्हणणार नाही. बघायचं काय, तर चालवणारी संस्था कोण, बैठक घेणाऱ्यांना ट्रेनिंग आहे का, गंभीर काही निघालं तर पुढे कौन्सेलरकडे पाठवतात का, अठराच्या आतल्या मुलांना मोठ्यांच्या ग्रुपमध्ये तसंच घेतात का (घेत असतील तर तिथून निघा), आणि कुणी भेटायला, फोटोला, पैशाला जबरदस्ती करतं का. पिअर हा डॉक्टर नाही आणि प्रेमाची जागाही नाही, हे तो ग्रुप स्वतःच स्पष्ट सांगत असेल तर तो बरा ग्रुप समजा.

गुप्ततेचंही सांगून ठेवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे आणि लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायचा नाही असंही त्यात आहे. पण जिवाला धोका असेल तर कौन्सेलरला घरच्यांना सांगावं लागू शकतं, आणि अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झालाय असं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. चांगला कौन्सेलर हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकतो.

"आपल्या खान्देशात हे कुठंय?"

हा खरा प्रश्न आहे. हमसफर ट्रस्ट मुंबईत १९९४ पासून काम करतोय, पुण्यात समपथिक ट्रस्टने बरीच वर्षं काम केलं, पण जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटर, नंदुरबारवाल्याला तर मुंबईपेक्षा सुरत जवळ, आणि सातपुड्यातल्या पाड्यावरच्या पोराला आधी रेंज पाहिजे. पोरींचं अजून अवघड. मुलगा निदान मित्राकडे जातो सांगून बाहेर पडतो, मुलीच्या हातात फोनच आई असताना असतो, आणि शंका आली की आधी फोन काढून घेतात, मग कॉलेज बंद, मग पाहुणे बघायला. लेस्बियन मुलींपर्यंत कुठलाच आधार नीट पोचत नाही याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, माझ्या वर्गात अशा पोरी नक्की असतील आणि मला त्या माहीत नाहीत.

अजून एक अडचण आपल्याकडे आहे ती शहरवाल्यांना कळत नाही. इथे कौन्सेलरकडे गेलं आणि आडनाव सांगितलं की तो म्हणतो, अमुक गावचे का तुम्ही, मग तमुक तुमचे कोण? झालं, तिथेच तोंड बंद. म्हणून मला वाटतं आपल्याकडे सुरुवात फोनवरून करणंच बरं. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल हेल्पलाइनही बरीच वर्षं हे काम करतेय. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे कौन्सेलर बसतात, सगळ्यांना हा विषय येत असेलच असं नाही, पण विचारून बघायला पैसे लागत नाहीत. पहिल्याच फोनवर एक प्रश्न विचारून टाका, तुम्ही गे मुलाला बदलायचा प्रयत्न करता का? हो म्हणाले तर फोन ठेवा.

आणि आपल्याकडे असं काही नसतं म्हणणाऱ्यांना मी भादली बुद्रुक सांगते, जळगावपासून हाकेवर. तिथे २०२१ च्या ग्रामपंचायतीला अंजली पाटील या ट्रान्सजेंडर उमेदवाराचा महिला वॉर्डातला अर्ज बाद झाला होता, त्या हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, परवानगी मिळवली आणि निवडून आल्या. २०२४ च्या विधानसभेला वंचित बहुजन आघाडीने रावेरमधून शमिभा पाटील या ट्रान्सजेंडर कार्यकर्तीची उमेदवारी जाहीर केली. भादलीने मत दिलं, म्हणजे आपण समजतो तेवढं गाव दगड नसतं.

घरी आत्ता लगेच काय करायचं

ज्या घरी हे आजच कळलंय त्यांच्यासाठी. काही समजत नसेल तर समजत नाही म्हणा, चालतं. मारू नका, फोन काढून घेऊ नका, कॉलेज बंद करू नका, त्याला न विचारता मामाला काकाला सांगू नका, कारण कुणाला सांगायचं हे त्याचं आहे. त्या रात्री त्याला जेवायला बोलवा. मी हे उगाच लिहीत नाहीये, भाच्याने मला नंतर सांगितलं की त्या दिवशी आई रडली, ओरडली, देवघरात जाऊन बसली, ते सगळं तो विसरलाय, पण रात्री दहाला दाराशी येऊन आई म्हणाली होती, "जेवी ले," तेवढं लक्षात आहे.

मेहुणे अजून पूर्ण आलेले नाहीत. वर्षभर पोराशी फक्त फीबद्दल बोलायचे. एकदाच कौन्सेलरशी फोनवर बोलले, वीस मिनिटं, आणि म्हणाले पुन्हा बोलणार नाही. बहीण मात्र दर महिन्याच्या मीटिंगला बसते, आता कॅमेरा सुरू असतो, आणि नवीन कुणी बाई आली की तीच आधी बोलते.

मागच्या श्रावणात त्यांच्याकडे कानबाई होती, आपल्या खान्देशातला देवीचा सण. त्यांच्यात रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजतात. बहीण सूप घेऊन बसली, सासऱ्यांची मूठ झाली, नवऱ्याची झाली, मग ती थांबली आणि नवऱ्याकडे बघितलं. मेहुणे ओसरीवर पेपर वाचत होते. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "त्याची घे ना. आणि त्याला फोन कर, रोट खायला घरचं माणूस लागतं, शनिवारच्या गाडीने निघ म्हणावं."